कुलूप नव्हतं, कडी होती

१४ जुलै २०२४
मु. आंबागड

सौ. राखीस,

तुझ्या अर्जाची नक्कल कोर्टाकडून हाती आली. ओसरीत बसून सावकाश वाचली. पत्र लिहायचं कारण भांडण नाही. अर्जात चुका आहेत. तुझे वकील भंडाऱ्याचे, त्यांना आपलं घर, आपला तलाव काय माहीत. तू सांगशील तसं ते लिहिणार. कोर्टापुढे चुकीचं जाऊ नये एवढ्यासाठी एकेक सांगतो.

आधी नाव. ‘राखी भैयाजी नान्हे’ असं टाइप केलं आहे. लग्न झाल्या दिवसापासून तू राखी लिलाधर मारबते आहेस. ते बदलायला मी कुठंही सही दिलेली नाही.

मग दुसरं पान. ‘गैरअर्जदार हा अर्जदारास दिवसदिवस कुलूप लावून कोंडून ठेवत असे.’ आपल्या घराला कुलूप आहे कुठं? कुलूप नव्हतं, कडी होती. मासे घेऊन बाजाराला निघालो की बाहेरून कडी लावून जात होतो, कुत्री शिरतात म्हणून. कडी कोणीही काढू शकतो. शेजारच्या कोणालाही हाक मारली असती तर काढली असती. तू हाक मारली नाहीस. यात कोंडणं कुठं आलं?

‘वल्ह्याने मारहाण केली.’ राखी, तू ढिवराची मुलगी आहेस. आपल्या डोंग्याला वल्हं कधी होतं? डोंगा आपण बांबूनं रेटतो, आणि तो बांबू दाराच्या मागं उभा असतो. जी वस्तू घरातच नाही तिनं मारलं असं लिहिलंस, तर बाकीच्या अर्जावर कोण विश्वास ठेवील?

तुझ्या हाताला झालेल्या दुखापतीचं मी माझ्या लेखी उत्तरात नीट मांडलं आहे. मे महिन्यात जाळं टाकून तलाव ओढला त्या दिवशी तू आपल्या वाट्याचे मासे टोपल्यात घेऊन तलावाचा बांध, आपली पाळ, चढत होतीस. पाळीवर जाळ्याचं पाणी सांडून चिखल झाला होता. पाय घसरला आणि उजव्या हातावर पडलीस. घटना अशी आहे. तूही हेच सांगितलंस तर प्रकरण तिथंच मिटतं, कोणाची बदनामी नाही.

मी वकील केलेला नाही. शाळा सातवीला सुटली, पण जाळं विणायला मला कोणी शिकवलं नाही, डिझेल इंजिन खोलायला कोणी शिकवलं नाही, तसा कायदाही मी स्वतःच वाचतो आहे. तुमसरहून मराठी पुस्तक आणलं. त्यात समजणार नाही असं काही नाही. लक्ष देऊन वाचायची सवय पाहिजे, ती लोकांना नसते.

डिंपलच्या ताब्याचा अर्ज मी दाखल केला आहे. भांडी, पलंग, तुझ्या बापानं दिलेलं कपाट, जे पाहिजे ते घेऊन जा. मला फक्त डिंपल पाहिजे. नवव्या वर्षाला लागलेली मुलगी बापाविना वाढवायची नसते. तू यायचं की नाही ते तुझं तू बघ. डिंपल घरी येईल.

लिलाधर

१८ ऑगस्ट
आंबागड

राखी,

काल मी आणि इतवारी काका आंधळगावला तुझ्या माहेरी येऊन गेलो. तू दाराआडून बोललीस, समोर आली नाहीस, म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो. नंतर कोर्टात कोणी वेगळंच सांगू नये.

इतवारी काका आपल्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष, वयानं मोठे, त्यांचा शब्द कोणी टाकत नाही. तुझ्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं, इथपर्यंत सगळं रीतीनं झालं.

इतवारी काका म्हणाले, “भैयाजी, बाई मानूस रागानं माहेरी येतेच. मायी म्हातारी जवानीत सारखी पळे. आता मी म्हन्तो, जाय ना वो चार दिवस, तं जात नाही.”

तुझे वडील हसले नाहीत. मी त्यांना म्हटलं, “मामाजी, पोरगी माझी आहे.”

“पोरगी तुमचीच हाय, जवाई. आन् हात कोनाचा होता?”

“पाळीवर पडली ती.”

“चहा घ्या. थंडा होऊन राहिला.”

तेव्हा तू आतून बोललीस. तुझा आवाज मी ओळखतो, पण तो स्वर मला नवा होता. म्हणालीस, “काका, तुमी तं दिवसभर पाळीवरच होते ना त्या दिवशी? मले पाह्यलं का तुमी तिथं?”

इतवारी काका कपात बघत राहिले. मग म्हणाले, “लय लोक होते बाई. मी कोनाकोनाले पाहू?”

हे तुझं वागणं मला आवडलं नाही. वडीलधाऱ्या माणसाची दाराआडून उलटतपासणी करायची नसते. बसमधून उतरल्यावर काका म्हणाले, “लिला, त्या कागदावर मी सही देल्ली खरी. मले वाचून दाखव बरं एकदा.” मी वाचून दाखवलं. प्रतिज्ञापत्रात स्वच्छ लिहिलं आहे की अर्जदार बाई पाळीवर पडली हे त्यांनी स्वतः पाहिलं. काकांनी कान खाजवला आणि घरी गेले.

आणखी एक. तुमच्या मागच्या अंगणाचं कुंपण पूर्वेच्या कोपऱ्यात पडलं आहे. एक माणूस सहज आत येईल. तुझ्या वडिलांचं वय झालं आहे, त्यांच्या लक्षात येत नसेल. दुरुस्त करून घ्या.

लिलाधर

२८ नोव्हेंबर
आंबागड

राखी,

काल कोर्टाच्या आवारातल्या खोलीत डिंपलची भेट झाली. तू बाहेर बाकावर बसली होतीस, पदर डोक्यावरून पुढं ओढून. आत काय झालं ते कोर्टानं नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडम त्यांच्या पद्धतीनं लिहितीलच, म्हणून मी माझ्या पद्धतीनं लिहितो.

मी तिच्यासाठी काळे बूट नेले होते. खोलीत शिरल्यावर ती भिंतीला लागून उभी राहिली. “ये इकडं,” म्हटलं तर आली. हाक मारली की येते, हे वळण माझं आहे.

“बूट होत नाही बाबा.”

“होतो. पाय आत घे.”

“दुखते.”

“नवा बूट पहिल्यांदा दुखतोच. टाच दाब.”

मी नुसता तिचा घोटा धरला होता. मॅडम म्हणाल्या, “राहू द्या, लहान आहेत ते.” मी म्हटलं, मुलगी माझी, बूट माझा, मापही मला माहीत आहे. नंतर पाहिलं तर तिचा पाय खरंच वाढला आहे. बापापासून दूर ठेवलं की असं होतं, माप कळत नाही. यात चूक कोणाची? बूट मी परत आणले. तिनं रडायला नको होतं.

मग मी तिला साधे प्रश्न विचारले. शाळेत कोणासोबत जातेस? “नीतूसोबत.” दुपारी घरी कोण असतं? “आबाजी.” आणि आबाजी शेतावर गेले तर? तिनं मॅडमकडं पाहिलं. रात्री दार कोण लावतं, असं विचारलं तेव्हा मॅडमनी माझं नाव घेतलं आणि म्हणाल्या, “हे विचारू नका.” बापानं आपल्या मुलीच्या घराचं दार नीट लागतं का हे विचारायचं नाही?

वेळ संपताना मी तिला म्हटलं, जज मॅडम तुला एकटीला आत बोलावतील. घाबरू नकोस. मी तुला काय शिकवलं आहे?

“जसं झालं तसं सांगायचं.”

“आणि?”

“मनानं काही लावायचं नाही.”

खोलीत तिचा आवाज कसा स्पष्ट आला. मॅडमनीसुद्धा मान वर केली. माझी मुलगी आहे ती. मला तिची काळजी नाही. तू तिला काही पढवून ठेवलं असशील तर ते टिकणार नाही, एवढं सांगतो.

बाजाराच्या दिवशी मी आता मासे घेऊन आंधळगावला येतो. मोहाडीला भाव मिळत नाही असं नाही, पण तिथं बरं वाटतं. तू आलीस तर मी वजन-मापापुरतंच बोलेन, बाकी बोलणार नाही. मागच्या बाजारी तू भेंडी घेतलीस आणि मला पाहून पिशवी तिथंच विसरलीस. ती मी ठेवून घेतली आहे.

लिलाधर

२० डिसेंबर
आंबागड

राखी,

आदेशाची प्रत मिळाली. तुलाही मिळाली असेल. तू वाचली नसशील, तुझ्या वकिलांनी थोडक्यात सांगितलं असेल, म्हणून जे झालं ते मी क्रमानं लिहितो.

डिंपलला आत बोलावलं तेव्हा आपण दोघंही बाहेर होतो. ती बाहेर आली ती थेट तुझ्याकडं गेली. मग मला पुकारलं. जज मॅडम चष्मा पुसत होत्या. त्यांनी विचारलं, “लिलाधर, तलाव ओढल्यावर तुमच्याकडे मासे कसे वाटतात?”

मला बरं वाटलं. आमच्या कामाबद्दल विचारणारा माणूस कमी. मी उभं राहून नीट सांगितलं. सगळी मासळी पाळीवर आणतात. जितके हात कामाला तितके ढीग करतात, बाईचा वेगळा, माणसाचा वेगळा. मग जो तो आपली एक खूण एका लेकराच्या हातात देतो. कोणी चिंचोका, कोणी जाळ्याची शिशाची गोळी, बाया बांगडीचा तुकडा. त्या लेकराला ढिगांकडं पाठ करून बसवतात, ते एकेक खूण हातात घेतं, मोठ्यानं नाव सांगतं आणि दुसऱ्या माणसानं आधीच हात ठेवलेल्या ढिगावर ती खूण जाते. म्हणजे कोणाचा ढीग कोणता, यात लबाडी नाही. आणि खूण ज्याची त्यानंच आपल्या हातानं द्यायची. नवऱ्यानं बायकोची द्यायची नाही, बापानं लेकाची नाही. जो पाळीवर नाही त्याचा वाटा नाही. हा नेम आमच्या आज्यापासून चालू आहे.

“यावर्षी खुणा कोणी घेतल्या?” मॅडमनी विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं, माझ्या मुलीनं. इतवारी काकांनी तिलाच निवडलं, कारण तिला मी तयार केलं आहे. ती चुकत नाही.

मॅडम म्हणाल्या, “ती म्हणते, त्या दिवशी आईची खूण नव्हती.”

मी माझ्या लेखी उत्तराची घडी उघडली.

“ती म्हणते, बाबांनी आईच्या बांगडीचा तुकडा आणून दिला. तिनं तो घेतला नाही. आई स्वतः देईल तरच घेईन, असं सगळ्यांसमोर म्हणाली. तुम्ही म्हणालात, आई घरी झोपली आहे. तुमच्या लेखी उत्तरात बाई वाट्याचे मासे घेऊन पाळ चढताना पडल्या असं आहे. वाटा नव्हता, तर टोपल्यात काय होतं?”

मी म्हटलं, हे तिच्या आईनं शिकवलं आहे.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तिला तेही विचारलं. खूण कोणाच्या हातून घ्यायची हे बाबांनी शिकवलं, असं ती म्हणते. तो तुकडा परत केल्यावर तुम्ही तिचा कान धरून तिला घरी नेलं, हेही म्हणते. घरी आई जमिनीवर बसली होती आणि हात मांडीवर धरून होती.”

कान धरला होता, हे खरं आहे. ओढला नव्हता. धरणं आणि ओढणं यात फरक असतो, पण आदेशात ‘ओढला’ असंच टाइप झालं आहे.

इतवारी काकांना पुकारलं तर म्हणाले, “मी तं पान्यात होतो बाप्पा, कंबरेएवढ्या. पाळीकडं पाठ होती मायी.” प्रतिज्ञापत्रावरची सही दाखवली तर म्हणाले, “सही मायीच हाय साहेब, लिवनं त्याचं हाय.” कोर्टात लोक हसले. त्यांच्या पंपाचं इंजिन मी किती वेळा फुकट दुरुस्त करून दिलं आहे, ते हसणाऱ्यांना कुठं माहीत.

आता आदेश. डिंपलचा ताबा तुझ्याकडं. माझ्या भेटी बंद. तुझ्या घराजवळ, तिच्या शाळेजवळ मी जायचं नाही. ‘कोणत्याही स्वरूपात संपर्क साधण्याचा प्रयत्न’ करायचा नाही, तोंडी, लेखी किंवा फोनवर. हे पत्र त्यात बसतं असं तुझा वकील म्हणेल. मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. संपर्क दोन बाजूंनी असतो. तू उत्तर देत नाहीस, मग हा संपर्क होत नाही. मी फक्त लिहितो.

तुझ्यावर माझा राग नाही. डिंपलवरही नाही. पण इतक्या लोकांत तिनं मला तो तुकडा परत केला, आणि मग कोर्टातही परत केला. बापाला असं दोनदा करायचं नसतं हे तिला कोणीतरी सांगायला पाहिजे. तू सांगणार नाहीस. ती माझ्याजवळ असती तर मी बसवून सांगितलं असतं. तेवढंच आता माझं काम राहिलं आहे, बाकी तलाव, जाळं, इंजिन सगळं मी बंद ठेवलं आहे.

लिलाधर

५ जानेवारी २०२५
आंधळगाव

राखी,

हे पत्र टपालानं येणार नाही. तुझ्या दारासमोर, सत्यभामाबाईंच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. दाराच्या फटीतून आत टाकीन.

सकाळच्या बसनं आलो. तुमचं दार बंद आहे. हाक मारली, कोणी बोललं नाही. सत्यभामाबाई अंगण झाडत होत्या. त्या मला ओळखत नाहीत, मी त्यांना ओळखतो. नीतू त्यांचीच नात.

“कोन पाह्यजे?”

“भैयाजी नान्हे.”

“नाहीत घरी. सारेच गेले बाहेर.”

“कुठं गेले?”

“मले कोन सांगते बाप्पा? म्हातारीले विचारून कोनी जाते का?” असं म्हणून हसल्या. मग झाडू खाली घेऊन म्हणाल्या, “दूरून आले दिसता. पानी देऊ का?”

“द्या.”

गडव्यातून पाणी दिलं. मी प्यायलो. “गडवा आतून घासलेला नाही,” असं मी त्यांना सांगितलं, म्हणजे पुढं लक्षात राहील. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

“तुमी कोन म्हनले?”

“म्हटलं नाही अजून. डिंपलचा बाप.”

त्यांनी झाडू उचलून भिंतीला टेकवला. “अस्सं,” म्हणाल्या. “मंग तुमाले सांगूनच गेले असतीन.”

“नाही सांगितलं.”

“नाही सांगितलं तं काही कारन असन, बापू. तुमी घरी जा. इथं नका बसू. कोर्टाचं हाय म्हन्तात ना तुमचं?”

“ओटा तुमचा आहे. कोर्टाच्या आदेशात तुमच्या ओट्याचं नाव नाही.”

गडवा माझ्या हातून घेऊन त्या आत गेल्या. आता दाराआडून फोनवर हळू बोलल्याचं ऐकू येतं आहे. कोणाला करत असतील ते करू देत. मोहाडीहून गाडी यायला वेळ लागतो, तो रस्ता मला माहीत आहे.

मला वाटलं होतं तुम्ही गाव सोडलं. बाजारात कोणी म्हणत होतं की तू नागपूरला शिवणकामाच्या कारखान्यात लागणार, डिंपलला तिकडंच शाळेत घालणार. त्यामुळं मी आलो. तसं झालं असतं तर मग मी कुठं शोधायचं? पण लोक नीट बघत नाहीत आणि बोलतात.

मी इथं बसून तुमचं घर बघितलं. गाय बांधलेली आहे, पुढ्यात वैरण भरपूर टाकली आहे, ते कोणीही शेजारी टाकू शकतं, त्यावरून काही ठरत नाही. चुलीचा धूर नाही, त्यावरूनही नाही. सायकल नाही. तुझे वडील सायकलनं लांब जात नाहीत, पण ती त्यांनी कोणाला दिली असेल.

मग मी मागच्या बाजूनं एक चक्कर मारून आलो. पूर्वेच्या कोपऱ्यातलं कुंपण तुम्ही नीट केलं आहे, नवीन काटे लावले आहेत, चांगलं काम आहे. त्या काट्यांवरून आतली दोरी दिसते.

दोरीवर डिंपलचा शाळेचा गणवेश आहे. नुकताच धुतलेला. बाहीतून थेंब अजून खाली पडत आहेत, खालची माती ओली आहे.

आज रविवार. उद्या शाळा आहे, उद्या तो लागणार.

म्हणजे तुम्ही लांब गेला नाहीत. मी बसलो आहे.

लिलाधर